दोन्ही हात मांड्यांखाली

माझ्या साडूइतका चुळबुळ्या माणूस अख्ख्या वऱ्हाडात कुणी दाखवावा, मी मिशी उतरवून देईन. अमरावतीत इतवाऱ्याच्या एका बोळात त्याचं जादूच्या सामानाचं दुकान. स्नेहसंमेलनांत, वाढदिवसांत तो प्रयोग करतो म्हणे. म्हणे कशाला, त्याचा प्रयोग चोवीस तास चालूच असतो. बोटांत नाणं नसेल तर रुमाल, रुमाल नसेल तर समोरच्याचं पेन. दाढ काढायला गेला आणि डॉक्टरच्याच कानातून लिंबू काढून आला. एका तेरवीच्या पंगतीत त्यानं वाढप्याच्या बुंदीतून गुलाबाचं फूल उपसलं; त्या घरचे अजून आमच्याशी धड बोलत नाहीत. विकलेली युक्ती गिऱ्हाइकाला जमेना, की हा दुकान उघडं टाकून त्याच्या घरी शिकवायला हजर. वैताग आहे नुसता, पण त्याच्यावाचून आमच्या घरात एक कार्य रंगत नाही.

त्याच्या एकुलत्या एक मुलीला पाहायला अकोल्याची मंडळी आली, तेव्हा मीही होतो. मुलगा तिच्याच बँकेतला, दोघांचं आधीच ठरलेलं. अडलं होतं ते त्याच्या आईवडिलांपाशी. घरंदाज, गंभीर माणसं. म्हणून पोरीनं सकाळीच बापाकडून वचन घेतलं, की आजच्या दिवस हात आवरायचे.

यानं आवरले ते असे, की दोन्ही हात मांड्यांखाली दाबून सोफ्यावर बसला. नमस्कार मानेनंच केला. पोहे आले, तर प्लेट घेईना. कपाळावर घाम, पाय सारखे हलताहेत, आणि मी कोपरानं ढोसतोय तरी ढिम्म. मुलाचे वडील बायकोच्या कानाशी काही पुटपुटले आणि मग अगदी हळुवारपणे त्यांनी विचारलं, हातांचा हा आजार कधीपासून, घराण्यात आणखी कोणाला आहे का. हा पठ्ठ्या वचनाला जागून हात आणखीच आत दाबतोय.

पोरीनं हातातला ट्रे खाली ठेवला.

"आजार नाही काकाजी, जादूगार आहेत ते. मीच हात आवराले सांगितलं होतं." मग बापाकडे वळून म्हणाली, "काढा हात, बाबा. तुमाले असं पाहून राहवत नाही मले."

हात निघाले, पण मुंग्या आलेले. होणाऱ्या विहिणीच्या कानामागून नाणं काढायला गेला, ते थेट तिच्या पोह्यांत पडलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा फसला बिचारा. बाई मात्र डोळ्यांना पदर लावेपर्यंत हसल्या, आणि सोयरीक तिथंच पक्की झाली.

आता पोरगी अकोल्याला असते. हा दर आठवड्याला बडनेऱ्याहून गाडी पकडतो आणि माल आणाले चाललो म्हणून सांगतो. त्याचा सगळा माल मुंबईहून कुरिअरनं येतो. अकोल्यात जादूच्या सामानाचा व्यापारी एक नाही, हे मला ठाऊक आहे आणि माझ्या मेव्हणीलाही. ती त्याच्या रिकाम्या पिशवीत लेकीसाठी जवसाच्या चटणीचा डबा तेवढा ठेवते.