मायला कळेल असं

नांदेडहून लातूरची बस सुटली तेव्हा खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली होती. माझ्या थोरल्या बहिणीच्या पुण्यानुमोदनाला (मृत्यूनंतरच्या बौद्ध विधीला) मी चाकूरला निघालो होतो. ताई तिथल्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायची.

लोह्यापर्यंत धूळ खाल्ली. वाटेत इंग्रजी शाळांच्या पाट्या, प्रत्येकीवर टाय लावलेलं हसरं मूल. शेजारचे आजोबा म्हणाले, "आमचा नातू बी तिथंच हाय. मराठी बोललं की उभं करतेत, इंग्रजी येत न्हाई. दिसभर गुमान बसतो अन् घरी आला की माझं डोकं खातो!"

अहमदपूरला गाडीवर सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ) खाल्ला. पुढे तुरीची पिवळी फुलं चाकूरपर्यंत सोबत आली.

मांडवात वंदना झाली आणि भाचा अमोल आदरांजलीला उभा राहिला. त्याच्या कंपनीतली परदेशी मंडळी फोनवर होती, म्हणून सगळं इंग्रजीत. सुरेख बोलत होता. पुढे बसलेल्या मायनं माझी बाही ओढली.

"काय म्हणून राहिला रे? माझ्या लेकीचं काय म्हणून राहिला?"

मी चारचौघांत कधी बोलत नाही. पण उठलो.

"अमोल, थांब. मराठीत बोल. माय बसलीय."

"मामा, ते लोक ऐकून राहिलेत. आजीला नंतर सांगतो."

"त्यांना नंतर सांग."

मागून एक पाहुणे म्हणाले, "इंग्रजीनंच वर आलो ना आपण?"

"आलो. ताईनंच शिकवली. पण आईला लेकीच्या आदरांजलीत परकी करायला नाही शिकवली."

अमोल मायकडे वळला. मग अडखळत म्हणाला, "आई वर्गात जरा... कडक होती."

"जरा?" माय म्हणाली. "लई मारकी होती! तिच्या भ्यानं तू पत्र्यावर चढून बसायचास, अन् खालून ती इंग्रजीतच शिव्या द्यायची!"

मांडव हसला. माय हसता हसता रडली आणि मग बोलतच राहिली, लेकीच्या जन्मापासून. ती थांबली की अमोल फोनमध्ये तिचं बोलणं इंग्रजीत सांगायचा. तोवर तिकडची मंडळी वाट बघत होती.

परतीच्या बसमध्ये मला ताईची पहिल्यांदाच सलग आठवण आली. इंग्रजी जगभर पोचली, पोचू दे. मीही ती ताईमुळेच वाचतो. पण आमच्या मांडवात इंग्रजीचा नंबर मायच्या नंतर. हे मी यापुढे प्रत्येक ठिकाणी उभं राहून सांगणार आहे, आवाज कापला तरी.