कमरेला बांधलेलं यंत्र आणि लांब रोट्या

प्रताप नगरात धृपताबाई तीस वर्षांपासून बसून उपड्या मडक्यावर लांब रोट्या करते. सैल कणीक परातीत आपटायची, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झुलवायची आणि तापल्या मडक्यावर टाकायची. या कामात किती शक्ती लागते ते मोजायला कॉलेजातली गार्गी आली. तिनं बाईच्या कमरेला हालचाल टिपणारं यंत्र बांधलं.

आठ दिवसांनी आकडे पाहून गार्गी ओशाळली. "मावशी, यात तुम्ही दिवसभर नुसत्या बसलेल्या दिसता."

धृपताबाईचा चेहरा उतरला. तीस वर्षं काय नुसती बसली ती? तिनं परात पुढं सरकवली.

"कंबर तर बसूनच राहते वं पोरी, तिले काय विचारतं? काम हे हात करून राहिले. घे, तू आपटून पाह्य."

दहाव्या आपटीलाच गार्गीचे खांदे भरून आले. तिनं हात धुतले आणि कमरेचं यंत्र सोडून धृपताबाईच्या दंडाला बांधलं.