एस पंच्याऐंशीची दुसरी ओळ

कुंदाताई गेल्याचा फोन त्यांच्या सुनेने केला, तेव्हा मी सकाळी कारखान्यातला कॉम्प्युटर चालू करून पडद्यावरच्या ओळी वाचत उभी होते. महिनाभर आधीच सटाण्याला जाऊन त्यांना भेटून आले होते, हे किती बरं झालं... नाहीतर एक प्रश्न जन्मभर उशाशी राहिला असता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नवऱ्याबरोबर गोंदियाहून नाशिकला आले. शाळा आठवीत सुटलेली, टायपिंग तेवढं येत होतं. अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटावर नोंदी भरायला लागले. तिथलं युनिक्सचं मशीन, म्हणजे कारखान्याचा मुख्य कॉम्प्युटर, कुंदाताई सांभाळायच्या. आठवड्यातून एक दिवस वीज बंद असायची, दुसऱ्या सकाळी मशीन नव्याने उठायचं. कुठला प्रोग्राम कधी सुरू करायचा, याच्या छोट्या फायली एका फोल्डरमध्ये होत्या. नावात आधी एस, मग आकडा. एसने सुरू होणारी प्रत्येक फाईल मशीन त्या आकड्यांच्या क्रमाने कामाला लावायचं. आधी नेटवर्क, मग डेटाबेस, आणि पंच्याऐंशी नंबरला आमचं स्टोअर, म्हणजे माल द्यायच्या चिठ्ठ्या छापणारा प्रोग्राम. "चूल पेटल्याशिवाय चहा मागायचा नाही," ताई म्हणायच्या.

एकदा त्यांनी मला स्टोअरच्या फायलीतली एक ओळ बदलायला सांगितली. मी पहिल्यापासून भित्री. बिघडलं तर हाताशी असावी म्हणून आधी जुन्या फायलीची कॉपी केली, तिथेच, नावाच्या शेवटी 'जुना' जोडून. एस तसाच राहिला. पुढच्या वेळी मशीन उठलं ते दोन्ही फायली चालवत. पडद्यावर 'स्टोअर सुरू' दोनदा आलं, माझं लक्षच नव्हतं. दुपारपर्यंत प्रत्येक चिठ्ठी दोनदा छापली गेली आणि स्टोअरमधून दुप्पट माल गेला. साहेब तणतणत आले, "कोणी हात लावला?" ताई म्हणाल्या, "फोल्डर माझं आहे साहेब, मला बोला." मेमो त्यांना मिळाला. जेवणाच्या सुट्टीत मी रडत बसले, तर माझ्यापुढे डबा सरकवून आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "कसाले रडस वं? जपून ठेवलंस ते बरोबरच केलंस. फक्त जिथं ते आपोआप उठतं तिथं ठेवू नको." आणि जुन्या फायलींसाठी माझ्याकडूनच वेगळं फोल्डर करून घेतलं.

त्या वर्षी ताईंची बढती झाली नाही. पुढे त्या नोकरी सोडून गावी गेल्या. माझ्यामुळेच, हे मी मनाशी धरलं. विचारायचं धाडस होईना. रोज सकाळी मशीनबरोबर ती भीतीही उठायची...

शेवटच्या भेटीत ताई अंथरुणावर होत्या. कसंबसं विचारलं. त्या खोकला येईपर्यंत हसल्या. "अगं, तो मेमो साहेबांनी पुढच्याच महिन्यात फाडला, तू गोंदियाला गेली होतीस तेव्हा! स्वतःच फाईल बदलायला गेले आणि कॉपी ठेवली त्याच फोल्डरात. नाव काय, तर एस पंच्याऐंशी स्टोअर साहेब! पुन्हा सगळं डबल!"

"आणि बढती?"

"मीच नाही म्हटलं. पुण्याला जावं लागत होतं, इथं सासूबाईंना कोण बघणार? एवढी वर्षं हे घेऊन बसलीस? एक फोन करायचास ना, येडे!"

परतीच्या बसमध्ये मला नाशिकपर्यंत गाढ झोप लागली. प्रवासात मी कधी झोपत नाही.

आता मी सिन्नरला एका छोट्या कारखान्यात आहे. बदलण्याआधीची प्रत्येक फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये जाते, त्याचं नाव 'कुंदा'. त्या सकाळी ताईंच्या सुनेचा फोन ठेवला आणि डोळे पुसून पडद्याकडे पाहिलं. शेवटची ओळ आली होती: स्टोअर सुरू.

एकदाच.