आरशांवरचा फोकस
माझ्या कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्सच्या रिंगमध्ये अडकलेला कापसाचा तंतू दिसला, की मुकुटबनजवळचा बंजारा तांडा आठवतो. कापसाने भरलेल्या अंधाऱ्या खोलीत एक म्हातारी आरसे जडवलेली ओढणी पांघरून बसली होती. ‘आता हा भार झेपत नाही, आखरी बार घेतली अंगावर,’ म्हणाली. मी तिचे फोटो काढू लागलो. या लेन्सला फोकस हातानेच करावा लागतो. रिंग फिरवताना नजर आरशांवरच गेली. घरी पाहतो तर प्रत्येक फोटोत आरसे लख्ख, चेहरा धूसर. आठवड्याने ओशाळत त्यातलाच एक फोटो तिच्या हाती दिला. तिने फोटोतल्या ओढणीवर बोट ठेवलं. ‘चेहरा तं रोजच दिसते. हे टाके माह्या मायचे हायेत.’ माझा जीव भांड्यात पडला. माझा सगळ्यात फसलेला फोटो तोच, आणि तिच्या भिंतीवर टांगलेलाही तोच.