उतरलेलं पाणी

आषाढ लागून चारच दिवस झाले होते. जळगावच्या ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते, तिथे परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते आणि भाऊचा फोन आला. माझा थोरला भाऊ फोनवर कधी थोडक्यात बोलत नाही. पाऊस, कपाशी, म्हैस, सगळं सांगितल्याशिवाय ठेवत नाही. त्या दिवशी तो "धुळ्याले ये" एवढंच म्हणाला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा वहिनी गेलेली होती. बावन्न वर्षांची. शेतात तण निंदताना बसल्या जागी कलंडली. डॉक्टर तरुण होते, हळू बोलत होते. त्यांनी विचारलं, आधी कधी असा दम लागला होता का, ओठ निळे पडले होते का? भाऊ म्हणाला, "नाही. कधीच नाही." मी त्याच्या शेजारीच उभी होते. मी काही बोलले नाही…

मी सातवीत असताना वहिनी आमच्या घरात आली. नरडाण्याजवळचं आमचं गाव, घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. ती स्वतः चौथी शिकलेली. बारावीनंतर मला बघायला पाहुणे येऊ लागले, तेव्हा चहाचा ट्रे माझ्या हातातून काढून घेऊन तीच बाहेर गेली आणि चार पुरुषांसमोर म्हणाली, "पोर बी.ए. व्हई, मंग लगीन." आई आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. मी पदवीधर झाले ते तिच्या त्या एका वाक्यामुळे. नोकरी पक्की झाली तेव्हा मी तिला विचारलं, तुला काय आणू? लुगडं म्हणेल, असं वाटलं होतं. ती म्हणाली, समुद्र दाखव.

तेव्हापासून दर हिवाळ्यात, कापूस वेचून झाला की, आम्ही दोघी निघायचो. धुळ्याहून एसटी, मग पुढे आणखी एक, आणखी एक. मोठ्या गावांत तिचं मन रमत नसे. हर्णै, श्रीवर्धन, गुहागर, वेंगुर्ला… लहान गावं, जिथे किनाऱ्यावर आपल्याच पावलांचे ठसे दिसतात. सावंतवाडीला लाकडी फळं रंगवणाऱ्या माणसासमोर ती अख्खी सकाळ बसली आणि निघताना त्याला म्हणाली की सीताफळाचे डोळे चुकले आहेत. तो हसला आणि दुसरं सीताफळ तिच्यासमोर ठेवून म्हणाला, मग हे तुम्हीच रंगवा. तिने रंगवलं. गावात आमची चेष्टा व्हायची. समोरची म्हातारी ओट्यावरून विचारायची, "नणंद-भावजया पानी पाहाले इतल्या दूर? आपली विहीर काय आटनी का?" वहिनी पिशवी खांद्यावर घेत म्हणायची, "विहीरले लाटा नहीत ना, आजी."

गेल्या माघात आम्ही रत्नागिरीच्या खालच्या अंगाला एका गावात उतरलो होतो. खडकांच्या पलीकडे, लहानशा वाडीत एक बाई माडाच्या झावळ्यांचे, छपरावर घालायचे झाप विणते, असं घरमालकिणीने सांगितलं. सकाळी दहा-अकराला ओहोटी होती. खडकांच्या कडेने ओल्या वाळूची चांगली बैलगाडीएवढी वाट उघडी पडली होती. वहिनीचं माहेर तापीकाठचं. पावसाळ्यानंतर नदी उतरली की तिच्या घरचे पात्रात टरबुजाच्या वाड्या लावत, झोपडी बांधत, उन्हाळाभर तिथेच राहत. उतरलेलं पाणी म्हणजे चार-सहा महिन्यांची जमीन, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. मी भूगोल शिकलेली. भरती-ओहोटीवर टिपा लिहून मी मार्क मिळवले होते. तरी वाटेत मीच विचारलं, संध्याकाळी पाणी येईल का गं? ती हसून म्हणाली, "उतरेल पाणी इतल्यामा परत येस का?" उतरलेलं पाणी इतक्यात कुठलं परतणार, मलाही ते पटलं. पुस्तकापेक्षा तिचं खरं, ही माझी लहानपणापासूनची सवय.

दिवसभर ती झाप विणायला शिकली. परत फिरलो तर वाट नव्हती. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. एक लाट आली आणि तिने मागून माझं मनगट धरलं. झापवाली बाई वरून हाका मारत होती, मागे फिरा, टेकडीवरून वाट आहे. आम्ही फिरलो. ती चढण काही फार नव्हती, पण करवंदाच्या जाळीपाशी वहिनी खाली बसली. श्वास असा येत होता, जसं कोणी पोतं ओढतंय. ओठ निळे. मी पदराने वारा घातला, पाणी पाजलं. श्वास जरा बसल्यावर ती म्हणाली, "तुना भाऊले सांगू नको. सांगं का, मना समुद्र सरना."

तिचा समुद्र संपू नये म्हणून मी नाही सांगितलं. धुळ्याला डॉक्टरला दाखवू, म्हणाले. ती म्हणाली, आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा सण झाला की बघू. आखाजी झाली, पेरणी आली. मी फोनवर दोनदा आठवण दिली. तिसऱ्यांदा नाही.

आता ग्रंथालयाचा जिना चढताना मला मागे तो श्वास ऐकू येतो. मी थांबते, तो थांबतो. मनगट धुताना तिची बोटं जाणवतात, ओली, खारट. एक महिना मी हे अंगावर वागवलं आणि गेल्या रविवारी गावी गेले. भाऊ मागच्या खोलीत बसला होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वाट, पाणी, टेकडी, ओठ, तिचं वाक्य.  शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू ते शिकेल शे ना, माय…"

शिकलेली होते खरी.

त्या खोलीच्या भिंतीवर वहिनी दर वर्षी परत आल्यावर गेरूने आणि काजळीने चित्र काढायची. श्रावणात कानबाई, आमच्याकडची देवी, घरात बसायच्या आधी घराला चुना लागतो, त्यात ते बुजून जायचं आणि तिला त्याचं काही वाटत नसे. या वर्षीचं अजून होतं. काळे खडक, वाकड्या रेघांचं पाणी आणि त्यात कमरेपर्यंत बुडालेल्या दोन बाया, एकीचा हात दुसरीच्या मनगटावर. भाऊ पाच महिने ते बघत होता. दोघी खेळताहेत, असं त्याला वाटलं असणार. तो उठला, भिंतीजवळ गेला.

"यामा ती कोनती?"

"मागची," मी म्हणाले.

त्याने तिच्या तोंडावर बोट ठेवलं, मग पटकन उचललं, गेरू पुसला जाईल म्हणून.

दुःखाचं वर्ष, म्हणून आमच्याकडे यंदा कानबाई बसणार नाही आणि चुनाही लागणार नाही. पुढच्या वर्षी लागेल. समोरची म्हातारी फोनवर सांगते, भाऊने आपली खाट मागच्या खोलीत नेली आहे आणि दुपारी शेतातून आला की भिंतीकडे तोंड करून पडतो. मला त्याने अजून फोन केलेला नाही.