थोरलीचं पाणी

“आधी माझं बघा, मग दुसऱ्याचं.” आमच्या नदीकाठची थोरली रंगारीण जन्मभर हेच म्हणत आली. गिऱ्हाईक दारात आलं की कोपरापर्यंत निळे झालेले हात पुढे करून ती दोरीवरचं सूत दाखवायची. तसा निळा दुसऱ्या कोणाला जमला नाही, हे मी कोणापुढेही सांगेन.

भिंतीपलीकडे तिची धाकटी जाऊ लाल रंग काढायची. तिचा लाल बेताचाच होता, म्हणून दोघींचं बरं जमायचं.

दोघींचं वापरलेलं पाणी एकाच नदीत जायचं. आज कोणता रंग निघाला, ते खालच्या वस्तीला घागरीत दिसायचं. मग मासे मरू लागले, पोरांच्या अंगाला खाज सुटली आणि तपासनीस येऊन बजावून गेला, “पाणी साफ करून सोडा, नाहीतर कढया बंद.”

धाकटीने परसात एकापुढे एक खड्डे खणले. एकात चुना, पुढच्यात वाळू, त्यापुढे लव्हाळी. शेवटच्या हौदात तिने मासे सोडले आणि ते जगले. लांबून लांबून माणसं बघायला येऊ लागली. थोरलीच्या दारावरूनच जायची, पण दोरीकडे मान वळवायची नाहीत.

थोरलीला घास गोड लागेना. “पिवळट डबकं ते! त्याचं काय एवढं कौतुक?”

नवरा म्हणाला, “अगं, जाऊन विचार की तिला.”

“तिला? कढईखाली जाळ किती ठेवायचा, तेही मीच शिकवलंय तिला!”

भिंतीवरून नुसतं डोकावली असती तरी सगळं दिसलं असतं. पण टाच उचलील ती थोरली कसली! तिने आपल्या अकलेने एकच खड्डा खणला आणि सूत पांढरं करायची ब्लीचिंग पावडर त्यात पोतंभर ओतली. रंगाऱ्याच्या डोळ्याला रंग गेला म्हणजे डाग गेला. निळं पाणी काचेसारखं झालं.

तपासनीस आला त्या दिवशी तिने सगळी आळी गोळा केली. “आधी माझं बघा!” बादली उन्हात लखलखली. आळी वाहवा म्हणाली. तपासनिसाने मात्र वास घेऊन नाक मुरडलं.

थोरली भडकली. “विश्वास नाही? मग तिचेच लाडके मासे घाला माझ्या पाण्यात. होऊन जाऊ दे एकदाचं!”

धाकटी चाचरली. “जाऊबाई, नको...”

“का? घाबरलीस?”

धाकटीने मासे आणून सोडले. ते गरगर फिरले, वर येऊन तोंडं उघडू लागले, मग एकेक करून उलटे झाले. कोणी हसलं नाही. हसले असते तर थोरलीला सोपं गेलं असतं.

“ब्लीचिंग टाकलंत?” धाकटीने हळूच विचारलं.

तपासनिसाने थोरलीच्या मोरीचं नदीकडचं तोंड बुजवायला सांगितलं. पाणी खरोखर साफ होईपर्यंत निळ्या कढया थंड राहणार होत्या.

थोरलीने बादली उचलली, पाणी नदीत न टाकता आपल्याच खड्ड्यात परत ओतलं, बादली धाकटीच्या हातात कोंबली आणि कुदळ खांद्यावर घेतली.

“चल, दाखव तुझे खड्डे,” ती धाकटीला म्हणाली. “वाकडेच खणले असशील.”

आणि उत्तराची वाट न बघता भिंतीला वळसा घालून ती पलीकडे निघाली. रिकामी बादली हातात घेऊन धाकटी तिच्या पाठीकडे बघत राहिली, आणि विझलेल्या कढईपाशी उभा राहून थोरलीचा नवरा.