कापायला दिलेली गाडी

"घाई आहे का? मग रिक्षानं जा."

गाडीत बसल्याबरोबर किल्लीकडे हात नेणाऱ्या प्रत्येकीला ताई हे वाक्य ऐकवायच्या. मग खाली उतरवून गाडीभोवती एक फेरी मारायला लावायच्या. टायर बघा, खाली कुत्रं झोपलंय का बघा, आरसा पुसा. फेरी झाली की स्वतः डावीकडच्या सीटवर बसायच्या, साडीच्या निऱ्या गुडघ्यांत दाबायच्या, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटातला पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता चला."

तुम्ही नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला राहत असाल, तर त्यांना पाहिलंच असेल. लाल रंगाची छोटी गाडी चौकात मधोमध बंद पडलेली, मागे हॉर्नचा गोंगाट, आणि काचेतून बाहेर आलेला एक हात सगळ्यांना शांतपणे थांबायची खूण करतोय. तो हात ताईंचा. एकदा एका मोटारसायकलवाल्यानं खिडकीशी येऊन शिवी हासडली. ताई म्हणाल्या, "बाळा, तुझ्या आईला पाठव माझ्याकडे. ती शिकली की तूही शिकशील." तो पोरगा ओशाळून मागे सरकला.

त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकाच जास्त. मी पंचेचाळिशी ओलांडल्यावर तिथे गेले. त्याआधी नवऱ्याच्या शेजारी बसून शिकायचा प्रयत्न केला होता, तेव्हा घरात आठवडाभर अबोला झाला होता. ताई कधी ओरडायच्या नाहीत. आपण चुकलो की त्यांचा ब्रेक हळूच लागायचा आणि त्या बाहेर बघत म्हणायच्या, "अगंबाई, इथे नवीन दुकान झालं वाटतं!" जणू गाडी दुकान बघायलाच थांबवली होती.

माझ्याबरोबर शबाना शिकायची. जुन्या नाशकात राहणारी, शाळांचे गणवेश शिवून देणारी. गणवेशांचे गठ्ठे स्वतः पोचवता यावेत म्हणून तिला गाडी हवी होती. तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी पटींनी साफ होता. ताई तिला म्हणायच्या, "तुला मी काय शिकवू? तू मला मुंबईला घेऊन चल."

त्या दिवशी महामार्गाचा धडा होता. वाडीवऱ्हेपर्यंत मी चालवत नेली आणि परतताना शबाना चालवायला बसली. मी मागच्या सीटवर होते. एका ढाब्यावरून माल भरलेला टेम्पो उलट्या बाजूनं रस्त्यावर आला. ताई "थांब!" म्हणाल्या. गाडी थांबली. टेम्पो थांबला नाही.

उजवी बाजू आत चेपली. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. ताईंचा डावा हात कोपरापासून लोंबत होता. शबाना पूर्ण शुद्धीवर होती, पण तिचा उजवा पाय खाली कुठेतरी पत्र्यात अडकला होता. दार उघडेना.

माणसं धावत आली. अर्ध्यांनी मोबाइल वर धरले, अर्ध्यांनी हात आत घातले. एकानं शबानाच्या काखेत हात घालून तिला ओढायला सुरुवात केली. तेव्हा मी ताईंना पहिल्यांदा ओरडताना ऐकलं. "ओढू नका! पाय अडकलाय तिचा, ओढू नका!" कुणीतरी जवळच्या गॅरेजमधून गॅस कटर आणला. पेट्रोलचा वास तर नाकात बसत होता. ताईंच्या बाजूचं दार उघडत होतं, त्यांना उतरता आलं असतं. त्या उतरल्या नाहीत. कटरवाल्याला म्हणाल्या, "पेटवायचा असेल तर मला आत धरून पेटव." त्यानं नळी खाली ठेवली.

पुढचा वेळ कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. शबाना एकदा अम्मीला हाक मारायची, एकदा अल्लाला. ताई तिचा हात धरून बसल्या होत्या.

शेवटी घोटीकडून स्वयंसेवकांचं पथक आलं. घाटात अपघात झाला की मदतीला धावणारी ही साधी माणसं, कुणी ढाबेवाला, कुणी पंक्चरवाला. त्यांच्याकडे पत्रा कापायचं मोठं मशीन होतं. मला वाटलं, सुटलो. पण मशीन दाराला लावलं की त्याचे दात घसरायचे. एक म्हणायचा वरून काप, दुसरा म्हणायचा खालून. एकदा छप्परच थोडं खाली बसलं आणि शबानाच्या किंकाळीनं सगळे मागे सरले. शेवटी दार निघालं. शबाना बाहेर आली. तिचं पाऊल मात्र डॉक्टरांना वाचवता आलं नाही. आणखी लवकर आणलं असतं तर, असं एक डॉक्टर म्हणाले. ते ताईंनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्या पथकाचा प्रमुख दवाखान्यात आला. टोपी हातात घेऊन ताईंच्या खाटेशी उभा राहिला. "ताई, मशीन हाय आमच्याकडं, पण हात बसल्याला नाय. खोटं कशाला बोलू?"

मला त्याचा राग आला होता. ताईंनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "शिकता कशावर?"

"कशावर शिकणार? मोबाइलवर व्हिडिओ बघतो. कापायला गाडी कोण देतंय?"



पोलिसांचा पंचनामा झाल्यावर गाडी ताईंच्या घरामागच्या मोकळ्या जागेत आणून ठेवली. वर निळी ताडपत्री टाकली. ड्रायव्हिंग स्कूल बंद झालं. ताई गाडीत बसायचं सोडाच, त्या बाजूची खिडकीही उघडत नसत. मी भेटायला गेले की प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन हटकून तोच प्रश्न विचारायच्या. "मी ब्रेक मारायला नको होता का गं? तशीच पुढे काढली असती तर निसटली असती. मीच तिला टेम्पोच्या तोंडी उभी केली."

मी म्हणायचे, "ताई, कुणीही ब्रेकच मारला असता."

"मी कुणीही नव्हते. मी शिकवणारी होते."

त्यांचे मिस्टर, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, वीज खात्यातून निवृत्त झालेले अबोल गृहस्थ. त्यांना ती गाडी डोळ्यांसमोर नको होती. "भंगारवाल्याला बोलावतो," असं ते रोज म्हणायचे. एक दिवस त्यांनी खरंच बोलावलं. भंगारवाला ताडपत्री सोडायला लागला, तेव्हा ताई महिन्याभरानं पहिल्यांदा मागच्या दारानं बाहेर आल्या. "थांबा. ही गाडी मी द्यायची ठरवलीय. घोटीच्या पथकाला. शिकायला."

काका भडकले. "ज्यांनी त्या पोरीचं पाऊल घालवलं त्यांना? बक्षीस म्हणून?"

"त्यांना नाही देत. त्यांच्यानंतर जी माणसं गाडीत अडकतील, त्यांना देते."

काकांनी चपला घातल्या आणि सरळ बाहेर निघून गेले.

पण ताईंची आणखी एक अट होती, आणि ती स्वतःलाच घातलेली. "गाडी माझ्या नावावर आहे. पण पाय शबानाचा गेला. तिनं हो म्हटल्याशिवाय द्यायची नाही."

आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. गल्लीतून चालताना ताई मधेच थांबल्या. "परत जाऊ या का?" त्यांच्या तोंडून असा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता. दार शबानाच्या अम्मीनं उघडलं. तिनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं. गाडीचा विषय निघाला तशी उभी राहिली. "उस गाडी का नाम मत लो इस घर में. आप आए, बैठो, चाय पिओ. लेकिन गाडी का नाम नहीं."

ताईंनी मान खाली घातली. त्या उठायच्या बेतात होत्या, तेवढ्यात आतून कुबडीचा आवाज आला. शबाना पडद्याशी उभी होती. शिलाई मशीनवरून उठून आली होती, गळ्यात टेप तसाच. तिनं सगळं ऐकलं होतं.

"देऊन टाका ताई," ती म्हणाली. "पण कापतील तेव्हा मला यायचंय."

"पागल हो गई क्या?" अम्मी ओरडली.

"अम्मी, उस दिन मैं अंदर थी. एक बार बाहर से देखने दो."

मग ताईंनी आरटीओत खेटे घालून गाडीची नोंदणी रद्द करून घेतली, आणि एका रविवारी सकाळी ट्रकवर चढून ती लाल गाडी घोटीला गेली. आम्हीही मागून भाड्याच्या जीपनं गेलो. काका येणार नाही म्हणाले होते, तरी पुढच्या सीटवर येऊन बसले. वाडीवऱ्हे आलं तेव्हा ताईंनी डोळे मिटून घेतले. शबानानं मात्र मिटले नाहीत.

उजवं दार तर अपघातातच गेलं होतं, म्हणून पथकानं जेसीबीनं डावी बाजू चेपून ठेवली होती. तेच दार आता कापायचं होतं. आत बसवायला भुश्यानं भरलेलं पोतं आणलं होतं, त्याला जुना शर्टही चढवला होता. ताईंनी पोत्याकडे पाहिलं आणि प्रमुखाला म्हणाल्या, "हे काढा. मी बसते."

"ताई, काहीतरीच काय! पोतं बरंय."

"पोत्याला भीती वाटत नाही. घाबरलेलं माणूस आत असलं की तुमचे हात कसे चालतात, ते शिकायचंय ना?"

काका पुढे झाले. "तू बसणार नाहीस."

"तुम्ही बघू नका."

त्यांनी हेल्मेट घातलं, उघड्या उजव्या बाजूनं आत शिरल्या आणि आपल्या नेहमीच्या डाव्या सीटवर जाऊन बसल्या. निऱ्या गुडघ्यांत दाबल्या. काच अंगावर उडू नये म्हणून त्यांच्यावर जाड घोंगडी टाकली. मी बाजूला तिचं टोक धरून उभी राहिले. काका पाठ करून उभे होते.

मशीन सुरू झालं. पत्रा चिरतानाचा तो आवाज कानात नाही, दातांत घुसतो. घोंगडी हलायला लागली. आधी मला वाटलं मशीनमुळे हलतेय. मग लक्षात आलं, ताई थरथरताहेत. त्यांचा श्वास आवाज करत होता. पथकातली माणसं एकमेकांना सांगत होती, "इथं लाव, अजून वर, दाब." मशीनचे दात घसरले, काच फुटली आणि घोंगडीखालून ताईंचा आवाज आला. शब्द नव्हताच, नुसता आवाज.

"थांबा, थांबा!" मी ओरडले. मशीन बंद झालं.

तेवढ्यात शबाना पुढे आली. "सगळे पत्र्याशीच बोलताय," ती पथकाला म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "त्या दिवशीपण तेच. आत माणूस आहे. मशीन लावता, तर सांगा तिला. घसरलं, तर सांगा. मला वाटलं होतं तुम्ही माझा पायच कापताय."

शबानानं कुबडी माझ्याकडे दिली, गाडीच्या छपराला धरलं आणि उजव्या सीटवर, तिच्याच जागेवर बसली. घोंगडी डोक्यावरून घेतली.

आत जे बोलणं झालं, ते जवळ असल्यामुळे मी ऐकलं.

"ताई, मी आहे."

"मी ब्रेक मारला गं तेव्हा. मारायला नको होता."

"ब्रेक मी मारला, ताई. तुमच्याआधी. माझा पाय ब्रेकवरच होता, म्हणून तर अडकला."

मग ताई रडल्या. अपघातात नाही, दवाखान्यात नाही, त्या दिवशी पहिल्यांदा.

शबाना खरं बोलली की ताईंसाठी बोलली, मला माहीत नाही. तिला मी कधी विचारलं नाही, आणि तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही विचारलं नसतं.

प्रमुखानं वाकून घोंगडीजवळ तोंड नेलं. "ताई, आता परत मशीन लावतोय. मोठा आवाज यील. घाबरू नका, मी हितंच हाय." मग तो प्रत्येक वेळी सांगत गेला. कुठे कापतोय, आता काय तुटेल. दार निघालं, त्यामागून छप्परही उचललं गेलं. घोंगडी काढली तेव्हा दोघी शेजारी शेजारी उघड्यावर बसलेल्या होत्या, विस्कटलेल्या, डोळे लाल. काकांनी आता तोंड वळवलं होतं. त्यांनी पुढे होऊन आधी शबानाला हात दिला, मग ताईंना.

ताईंनी नाक पुसलं आणि प्रमुखाकडे बोट केलं. "मशीन आजपण घसरलं. अजून मागचं दार शिल्लक आहे. चला, परत."

त्यानंतर शबाना महिन्यातून एकदा तरी घोटीला जायची, पथकाला बोलायला शिकवायला. ताईंनी ड्रायव्हिंग स्कूल पुन्हा सुरू केलं नाही, पण माझा धडा पुरा केला. माझ्याच गाडीत, शेजारी ब्रेक नसताना बसल्या आणि मला इगतपुरीपर्यंत नेऊन आणलं.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी चहा घेताना त्या खुर्चीतच कलंडल्या. काकांनी डॉक्टर बोलावेपर्यंत सगळं संपलं होतं. अंत्ययात्रेला शहरातल्या किती बायका स्वतः गाडी चालवत आल्या होत्या! रस्त्याच्या दोन्ही कडांना नीट, सरळ लावलेल्या गाड्या उभ्या होत्या.

मागच्या महिन्यात शबानाचा फोन आला. आवाजात धाप होती. घाटाखाली एका पिकअपचा ड्रायव्हर अडकला होता आणि पथकानं त्याला बाहेर काढलं होतं. दोन्ही पाय शाबूत. एक जण शेवटपर्यंत त्याच्याशी बोलत होता.

"मला इतका आनंद झाला ना," ती म्हणाली, "मी तडक ताईंचा नंबर लावला. रिंग वाजायला लागली तेव्हा आठवलं."

"मग? ठेवलास?"

"ठेवणारच होते. पण काकांनी उचलला. मी रडत रडतच सांगितलं सगळं. ते काही बोलेचनात. वाटलं, कट झाला फोन."

"मग?"

"मग म्हणाले, 'थांब, टीव्ही बंद करतो. आता पहिल्यापासून सांग.'"